नीडल फेल्टिंगचा ऑनलाईन किट: सुया एक नंबर, लोकरीत मात्र गडबड

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घ्यायचा का नाही एवढंच बघायचंय त्यांचा वेळ जायला नको. सुयांसाठी घ्या, लोकरीसाठी घेऊ नका. पाचातले तीन स्टार देते आणि त्यातले अडीच सुयांचेच आहेत. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच किट वेगवेगळ्या नावांनी सगळीकडं विकायला आहे, बॉक्सवरचं कोल्ह्याचं चित्रसुद्धा तेच. किंमत सातशे-आठशेच्या मधे कुठंतरी, ऑफर कधी आहे त्यावर.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिंजलेल्या लोकरीचा पुंजका घ्यायचा, फोमवर ठेवायचा आणि खाचा असलेली सुई त्यात सरळ खुपसायची, काढायची, खुपसायची, काढायची, फिरवून फिरवून सगळ्या बाजूनं. हळूहळू तो पुंजका आवळत जातो आणि शेवटी बोटानं दाबला तरी दबत नाही इतका घट्ट होतो. दोरा नाही, गोंद नाही, शिलाई नाही. नुसतं टोचून टोचून लोकर लोकरीला धरते. दोन तुकडे जोडायचे असले तरी तेच, पायाचं टोक जरा सैल ठेवायचं, पोटाला लावायचं आणि टोचायचं.

मला हा पाहिजे होता बेंदरासाठी. आमच्या सांगलीकडं पोळ्यापेक्षा बेंदूर मोठा, त्यातही काही घरात ज्येष्ठातला कर्नाटकी आणि काही घरात आषाढातला महाराष्ट्रीय, आमच्यात आषाढातला. मातीचे बैल आणायचे, पुजायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोरं खेळायला घेतात की एकाचं तरी शिंग गेलंच. म्हटलं यंदा लोकरीचा खिलार (आपल्याकडचा तो पांढरा, लांब शिंगांचा बैल) करू, पडला तरी फुटायचा नाही. किटबरोबरच्या कागदावर काय आहे तर कोल्हा, पेंग्विन, ससा आणि एक डोळे लावलेला अव्होकॅडो. बैल सोडा, साधी म्हैस पण नाही. पण चार पायाचं जनावर एकदा जमलं की सगळी जमतात, ससा बघून खोंड करता येतो, वशिंड तेवढं वेगळं टोचून लावायचं.

बॉक्समधे काय काय निघालं: बऱ्याच रंगांचे लोकरीचे छोटे छोटे पुंजके (फोटोत केवढे दिसतात आणि हातात केवढे येतात ते एक वेगळंच), एका प्लास्टिकच्या नळीत सुया, बऱ्याच सुया एकदम बसवायची लाकडी मूठ, फोमचा ठोकळा, बोटात घालायच्या चामड्याच्या टोप्या, काळे मणी डोळ्यांसाठी, आणि एक कात्री जिनं दोरा पण तुटत नाही. कात्री आल्या आल्या मुलीच्या शाळेच्या डब्यात गेली, तिथंच ती शोभते.

आता सुया. याबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचंय. या शिवणकामाच्या सुया नाहीत, यांना दोरा ओवायचं भोक नसतं. वरनं वाकवलेलं टोक, खाली त्रिकोणी पातं, आणि त्या पात्याच्या कडांवर बारीक बारीक खाचा. आत जाताना त्या खाचा लोकरीचे चार तंतू पकडून आत ओढतात, बाहेर येताना सोडून देतात, म्हणजे प्रत्येक टोच्याला वरचे तंतू आत जाऊन बाकीच्यात गुंततात. खाच डोळ्यानं नीट दिसत नाही, नखावरनं हलकी ओढली की कळते. सुयांना नंबर असतात, ३६, ३८, ४० असे, नंबर वाढला की सुई बारीक. सुरुवातीला पुंजका आवळायला ३६, मधल्या कामाला ३८, शेवटी वरनं गुळगुळीत करायला ४०. या किटमधे नंबर छापलेले नाहीत, वरच्या टोकाला रंग आहेत आणि कुठला रंग म्हणजे कुठला नंबर हे त्या कागदावर एका कोपऱ्यात इतक्या बारीक अक्षरात आहे की मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. पण एकदा कळलं की काम चोख. धार टिकते, खाचा झिजल्या नाहीत, मोडल्या त्या फक्त माझ्या भाच्याच्या हातनं कारण तो सुईनंच बैल उचलून बाजूला ठेवत होता. तिरकी आत घालून सरळ बाहेर ओढली की ही सुई कट्‌कन मोडते, पोलाद कडक असतं, वाकत नाही. मोडलेलं टोक आतच राहतं आणि ते शोधून काढायलाच लागतं, लहान पोर त्या खेळण्याशी खेळणार असेल तर अजिबात आळस करू नका. आणि टोपी घातल्याशिवाय पोरांच्या हातात देऊ नका, ही सुई बोटात गेली की साध्या सुईपेक्षा जास्त दुखते, खाचा असतात ना.

लाकडी मूठ मोठ्या सपाट कामाला बरी, बैलाला उपयोग नाही. फोम लवकर भुगा होतो, त्याचे कण लोकरीत अडकतात आणि पांढऱ्या बैलाच्या पोटाला काळे ठिपके दिसायला लागतात. त्यावर उपाय घरातच आहे, गोणपाटाची चौकोनी पिशवी शिवायची आणि तांदूळ भरून तोंड शिवून टाकायचं, फोमपेक्षा छान चालते. सासूबाई म्हणाल्या, "तांदूळ रेशनचेच घे हो, इंद्रायणी घालू नकोस त्यात." घातले रेशनचेच.

आता मूळ तक्रार. बॉक्सवर छापलंय शंभर टक्के लोकर. पांढरा, करडा, तपकिरी हे रंग खरंच लोकरीचे आहेत, हात लावला की कळतं, टोचायला घेतलं की पाच मिनिटात आवळायला लागतात. पण लाल, गुलाबी आणि तो भडक निळा चकचकीत होता आणि दोन बोटात चोळला की करकर आवाज यायचा. शंका आली म्हणून गॅलरीत जाऊन चिमटीत एकेक धागा धरून पेटवून बघितला (हे पोरांना करू देऊ नका, खाली ताटलीत पाणी ठेवा). खरी लोकर नीट पेटत नाही, काडी बाजूला नेली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. लाल धागा भर्‌कन जळला, वितळला, आणि टोकाला कडक काळी गोळी झाली. म्हणजे अक्रिलिक. सेलरला फोटो पाठवले तर पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन पाठवलं, घ्या आता.

कुणी म्हणेल सुईनं टोचायचंच आहे तर अक्रिलिक असलं म्हणून काय बिघडलं. बरोबर आहे, सुईला खरं तर फरक पडत नाही. सुई तंतू ओढून गुंतवते, मग ती लोकर असो नाहीतर पॉलिस्टर. कारखान्यात हजारो सुयांच्या पट्ट्या खालीवर करत पॉलिस्टरचे रोलच्या रोल असेच टोचून बनवतात, लग्नाच्या हॉलमधे अंथरलेलं ते पातळ लाल कार्पेट, गाडीच्या डिकीतला गालिचा, रस्त्याच्या खाली घालतात ते जाड कापड, हे सगळं त्याच जातीचं. पण पाणी आणि साबण लावून हातानं रगडून जे फेल्ट करतात ना, ते अक्रिलिकचं सात जन्मात होणार नाही. आणि त्या किटच्या कागदावर शेवटी साबणाच्या वडीला लोकरीचं कव्हर करायची कृती दिलीय, चित्रात वडी लाल रंगाची! केली की तिनं, माझ्या लेकीनं, लाल लोकर गुंडाळून अर्धा तास बेसिनमधे रगडत बसली आणि ती लाल चिंधी साबणावरनं जशीच्या तशी निघून हातात आली. दुसऱ्या दिवशी करडी दिली तर पंधरा मिनिटात मस्त घट्ट पिशवी तयार. आंघोळीला तोच साबण वापरतोय आम्ही, घासणीचं काम पण होतं आणि साबण जसा झिजतो तशी पिशवी पण आवळत जाते.

हे असं का होतं ते बघायला किट पण लागत नाही. आपल्याच डोक्याचा एक लांब केस घ्या, अंगठा आणि बोटाच्या मधे धरून लांबीच्या दिशेनं मागं-पुढं चोळा. तो एकाच बाजूला सरकत जातो, कायम मुळाच्या बाजूला. उलटा धरला तर उलटा सरकतो. केसाच्या आणि लोकरीच्या तंतूच्या अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात आणि त्यांच्या कडा टोकाकडं असतात, म्हणून एका दिशेला सहज सरकतो आणि दुसऱ्या दिशेला अडतो. लोकरीचे हजारो तंतू सगळ्या दिशांना तोंडं करून पडलेले असतात, त्यांना गरम पाणी आणि साबणात रगडलं की प्रत्येक जण आपल्या मुळाच्या दिशेनं पुढं सरकतो, मागं येता येत नाही, आणि सगळे मिळून असे अडकतात की परत सोडवणं नाही. लोकरीचा स्वेटर वॉशिंग मशीनमधनं पोराच्या मापाचा होऊन बाहेर येतो तो याच्यामुळंच, आणि तो किती ओढला तरी परत मोठा होत नाही तो पण याच्यामुळंच. मशीनमधे धुता येणारी म्हणून जी सुपरवॉश लोकर मिळते तिचे खवले क्लोरीननं मारून वर पातळ प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यामुळं ती लोकर असूनसुद्धा अशी जुळत नाही. ऑनलाईन लोकर घेताना सुपरवॉश लिहिलेलं असेल तर साबणाच्या कामाला घेऊ नका.

थोडं विषयांतर होतंय पण हे वाचून मला पहिल्यांदा आठवली ती जट. आमच्या या सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात यल्लम्माच्या नावानं किती बायकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर ती जड जट वागवलीय. न विंचरलेले केस, तेल, घाम, धूळ आणि रोजची घासाघीस, बास, दुसरं काही नाही त्यात, हेच खवले आणि हेच गुंतणं. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यातनं अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) जे काम वाढवलं त्यातले कार्यकर्ते घरोघरी जाऊन हेच समजावून जट कापतात आणि कापल्यावर त्या बाईच्या मानेचं दुखणं थांबतं. शाळेत मुलींना विज्ञानाच्या तासाला हा केसाचा प्रयोग आणि साबणाची पिशवी एकदा करून दाखवली पाहिजे असं मला वाटतं. असो.

तर किटमधली लोकर बैलाच्या अर्ध्या अंगाला पण पुरली नाही. पांढरा पुंजका केवढा तर मुठीत मावेल एवढा, खिलाराचं वशिंड आणि एक मांडी झाली की संपला. ऑनलाईन मेरिनो मेंढीची लोकर बघितली तर भाव ऐकून गप्प बसले, आणि तसंही मेरिनो फार बारीक असते, साबणाच्या कामाला उत्तम पण सुईनं करायला वेळ खाते आणि टोच्यांची भोकं वर दिसत राहतात. सुईच्या कामाला जरा भरड लोकरच बरी. आणि भरड लोकर म्हटल्यावर सांगली जिल्ह्यात राहून ऑस्ट्रेलियाची कशाला मागवायची, आटपाडी-जतला मेंढरं काय कमी आहेत?

आरेवाडीला बिरोबाला गेलो होतो तेव्हा वाटेत घोंगड्या घेऊन बसलेले एक आजोबा दिसले. मी विचारलं, "आजोबा, नुसती लोकर मिळंल का?" तर म्हणाले, "घोंगडं न्या की बाई, नुसती लोकर घिऊन काय उशी भरताय व्हय?" बैल करायचाय म्हटल्यावर आधी हसले आणि मग मुलीच्या हातातला अर्धवट बैल घेऊन चांगला दाबून बघितला आणि म्हणाले, "ही तर जेनावाणी झालंय." तेच! आपल्याकडची जेन म्हणजे दुसरं काय आहे, ना माग ना विणकाम, पिंजलेली लोकर पसरायची, पाणी मारायचं आणि दाबून-रगडून गुंडाळून तिचं जाड अंथरूण करायचं. घोंगडी विणलेली असते, तिच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, जेनीला तसलं काही लागत नाही. आजोबांनी एक पिशवी भरून काळी लोकर दिली आणि पैसे सांगितले ते इतके कमी की मीच जास्तीचे दिले. म्हणाले आता लोकरीला कोण विचारतंय, कातरायची मजुरी पण निघत नाही, पोरं माडग्याळ मेंढराच्या मागं लागल्यात. ते पण खरंच, माडग्याळी जातीची किंमत मटणासाठी आणि त्या बाकदार नाकाच्या रुबाबासाठी, तिच्या अंगावर लोकर म्हणावी अशी नसतेच.

आजोबांकडच्या या दख्खनी मेंढराच्या लोकरीचा माझा रिव्ह्यू असा. रंग काळा नाहीतर करडा, पांढरी कमी मिळते. भरड आहे, टोचायला घेतली की पटकन आवळते, मेरिनोच्या निम्म्या वेळात. पण केसाळ आहे, वरनं कुसं उभी राहतात, कितीही बारीक सुईनं टोचलं तरी गुळगुळीत होत नाही, शेवटी कात्रीनं छाटावी लागतात. आतल्या भरावाला मात्र याच्यासारखी दुसरी नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, काळ्या भरावावर पांढरा थर पातळ दिला तर टोचताना आतले काळे तंतू वर येतात आणि खिलार कबरा दिसायला लागतो, त्यामुळं वरचा थर जाड द्या नाहीतर मधे करड्याचा एक थर द्या. आम्ही दुसरं जनावर सरळ म्हैसच केलं, तिला अंगभर दख्खनी, आणि खरं सांगायचं तर बैलापेक्षा म्हैस भारी झाली. ती कुसं तिच्या अंगावर शोभतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर मिळाली तर सोडू नका, ती मऊ असते, तिच्या घोंगड्याला म्हणून तर एवढा भाव असतो.

कच्ची लोकर आणली तर धुवायचं काम मोठं आहे, तयारी ठेवा. धूळ, कुसळं, लेंड्या, गोखरू, सगळं असतं त्यात. आधी उन्हात झटकून घ्यायची, मग गरम पाण्यात साबणाची पूड घालून नुसती बुडवून ठेवायची. घुसळायची नाही! चोळली, पिळली की तिथंच बादलीत जेन तयार होणार. पाणी आपलं आपण घाण होतं, मग लोकर उचलून तेवढ्याच गरम पाण्यात परत बुडवायची, एकदम गार पाण्यात नाही. वाळली की पिंजायला कुत्र्याचे केस विंचरायचे ते बारीक तारांचे दोन ब्रश मिळतात ते घ्या, समोरासमोर ओढले की काम होतं. पिंजारी आता शोधून सापडत नाहीत आणि सापडले तरी एवढीशी लोकर बघून हसतील.

रंगीत झूल, गोंडे यासाठी सांगलीत हरभट रोडवर लोकर विचारायला गेले होते. दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक सगळे अक्रिलिकचे असतात हे आता मला माहीतच होतं, पण झुलीला चालतंय की, सुईनं टोचून बसते. सासूबाई विणकाम करतात त्यांना एक गोष्ट सांगितली तर त्यांना आधीपासनंच माहीत होती, खऱ्या लोकरीचा धागा संपला की गाठ मारायची नाही, दोन्ही टोकं उलगडून एकमेकांवर ठेवायची, जरा थुंकी लावायची आणि तळहातात चोळायची, जोड दिसत पण नाही आणि सुटत पण नाही. त्या म्हणाल्या, "हल्लीच्या लोकरीला हे धरत नाही गं, मला वाटायचं माझेच हात म्हातारे झाले." हात चांगलेच आहेत, लोकरच खोटी आहे.

शिंगांबद्दल दोघींनी विचारलंय म्हणून लिहिते. नुसत्या लोकरीची लांब शिंगं लवतात, खिलाराला ती चालायची नाहीत. आत पातळ तार घालायची, तारेवर लोकर गुंडाळायची आणि मग हलक्या हातानं कडेकडेनं टोचायचं, सुई तारेवर आपटली की गेलीच. पाय मात्र तारेशिवाय करा, घट्ट टोचले की उभा राहतो.

ज्यांना चालू करायचंय त्यांनी किट न घेता सुट्ट्या सुया मागवा, ३६ आणि ३८ च्या जास्त आणि ४० च्या थोड्या, फोमच्या ऐवजी तांदळाची पिशवी, मणी कुठल्याही शिवणाच्या दुकानात मिळतात, आणि लोकर घोंगडीवाल्याकडनं. अर्ध्या पैशात होतंय. भेट द्यायचा असेल तर किट ठीक आहे, बॉक्स दिसायला सुंदर आहे.

आणि कसर! हे कुठल्याच किटवर लिहिलेलं नसतं. खऱ्या लोकरीला कसर लागते, अक्रिलिकला लागत नाही, म्हणजे झूल राहील आणि बैल जाईल. सण झाला की चांगलं ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डांबरगोळी कागदात गुंडाळून टाका, आणि पावसाळ्यात मधे एकदा उघडून बघा.